‘घेऊन दाखवा’ म्हणणारी माणसं

घरातलं कुणी दवाखान्यातून आलं, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘काय म्हणाले डॉक्टर?’’ मग कोणती गोळी बदलली, पुढच्या वेळी कधी बोलावलंय, पथ्य काय सांगितलंय, याची उजळणी होते. औषधांची पिशवी फ्रिजवर नाहीतर देवघराशेजारच्या फळीवर जाते आणि उपचार सुरू झाले असं आपण धरून चालतो. ताप, पोटदुखी, अंगदुखी यांचं एक वेळ ठीक आहे. गोळी पाण्याबरोबर गिळायची, एवढं सगळ्यांना येतं. पण श्वासाच्या आजाराचं तसं नाही. दम्याचं औषध नुसतं विकत आणून भागत नाही, ते घ्यायला शिकावं लागतं. आणि शिकायचं म्हटलं की शिकवणारं कुणीतरी हवं! आपल्याकडे नेमकं तेच माणूस जागेवर नसतं, आणि असलं तरी आपण त्याला विचारत नाही.

मध्यंतरी आमच्या महिला मंडळानं एका वस्तीत छोटंसं शिबिर घेतलं. मोठा गाजावाजा नव्हता. ज्यांच्या घरात दम्याचा पंप आहे त्यांनी तो घेऊन यावं, एवढंच सांगितलं होतं. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि एक सिस्टर मदतीला आल्या होत्या. त्या कुणालाही लांबलचक भाषण देत नव्हत्या. प्रत्येकाला एकच सांगत होत्या, ‘‘मावशी, रोज घेता तसाच घेऊन दाखवा.’’ आणि मग जे दिसलं ते बघून आम्ही गप्पच झालो. एका आजींनी तोंड उघडून जिभेवर फवारा मारला, अत्तर मारावं तसा. एका काकांनी पंप दाबला आणि मग सावकाश श्वास घेतला, तोवर औषध हवेत उडूनही गेलं होतं. आणि एक बाई तर पंपात घालायची कॅप्सूल रोज सकाळी चहाआधी पाण्याबरोबर गिळत होत्या! कित्येक महिने. ‘‘कॅप्सूल आहे म्हटल्यावर गिळायचीच ना ताई?’’ हा त्यांचा प्रश्न. त्यांचं काय चुकलं सांगा? कॅप्सूल गिळायची असते हेच तर आपण आजवर त्यांना शिकवत आलो.

या सगळ्यांनी डॉक्टर गाठले होते, पदरचे पैसे घालून औषध आणलं होतं. चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, फक्त ते फुप्फुसापर्यंत पोचतच नव्हतं. मग पुढच्या फेरीला पेशंट सांगणार, ‘गुण नाही’. डॉक्टर डोस वाढवणार. घरचे म्हणणार, ‘पंपाची सवय लागते, नकोच ते.’ आणि एके रात्री छातीचा भाता हलायला लागला, की रिक्षा शोधत धावपळ! एवढं महाभारत कशामुळे, तर दहा मिनिटं समोर बसून शिकवणारं कुणी भेटलं नाही म्हणून.

गंमत बघा, यातही दोन प्रकारच्या पंपांची रीत एकमेकींच्या उलट. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास आत ओढायला लागतानाच पंप दाबायचा आणि मग साधारण दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखून धरायचा. कॅप्सूल घालायच्या पंपात मात्र जोरात आणि खोल ओढायचं, नाहीतर पावडर तिथंच राहते. त्यात फुंकर तर मुळीच मारायची नाही, कारण तोंडाच्या वाफेनं पावडर ओली होते. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर गुळणी करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो. लहान मुलं आणि हात थरथरणारी म्हातारी माणसं यांच्यासाठी स्पेसर नावाचा प्लॅस्टिकचा फुगीर नळा मिळतो. तो लावला की दाबणं आणि ओढणं यांची वेळ जुळवण्याची कसरत बरीच कमी होते. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण चिठ्ठीवर लिहून कळण्यासारखीही नाही. ती करून दाखवावी लागते, करून घ्यावी लागते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावी लागते, कारण माणूस विसरतो.

‘मग हे डॉक्टरांनीच शिकवायला नको का?’ असं कुणी विचारेल. हवं, नक्की हवं. पण सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेरची रांग एकदा डोळ्यांसमोर आणा. आत बसलेल्या डॉक्टरांना एकेका पेशंटसाठी किती मिनिटं मिळतात? निदान करायचं, औषध ठरवायचं, धोक्याचा पेशंट वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या कामाची किंमत कमी करायचा हेतूच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्यांचं काम जिथं संपतं तिथून पुढचं अर्धं काम दुसऱ्या माणसांचं आहे, आणि ती माणसं आपल्या हिशेबातच नाहीत. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, श्वासाची तपासणी करणारे तंत्रज्ञ, व्हेंटिलेटर सांभाळणारे रेस्पिरेटरी थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ... आणि त्यांच्या जोडीला नर्स, फार्मासिस्ट. सरकारी मराठीत यातल्या अनेकांना ‘निमवैद्यकीय’ म्हणत आलेत. ‘निम’ म्हणजे अर्धा! शब्दातच आपण त्यांना अर्धं करून टाकलं.

श्वासाच्या आजाराचा विषय बायकांच्या पुरवणीत कशाला, असं वाटत असेल तर जरा थांबा. दमा-धाप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विडी ओढणारे आजोबा येतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला होता. कधीच सिगारेट न ओढणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीवर तो होता. तंबाखू ओढणारे जगात सुमारे १०१ कोटी, पण लाकूडफाटा, शेण्या, पालापाचोळा जाळून होणाऱ्या धुराच्या सान्निध्यात राहणारे सुमारे ३०० कोटी, असा हिशेब त्यांनी मांडला. त्या धुराजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं, हे मी सांगायला हवं का? २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोचले, चांगलंच झालं. पण सिलिंडर संपल्यावर पुन्हा भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. शिवाय ज्या बाईनं तीस वर्षं फुंकणीनं चूल फुंकली, तिच्या फुप्फुसात जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. तिला धाप लागते तेव्हा आपण काय म्हणतो? ‘वय झालं’, ‘रक्त कमी असेल’, ‘वजन वाढलंय’. तिनं कधी विडी ओढली नाही, मग तिला कसला फुप्फुसाचा आजार!

या बाईचं निदान व्हायचं तर स्पायरोमेट्री करावी लागते. नळीत फुंकायची ती तपासणी. ही तपासणी म्हणजे रक्त काढून बाटलीत भरण्यासारखं नाही. समोर उभा असलेला तंत्रज्ञ जेव्हा ‘खोल श्वास घ्या, आता फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ असं म्हणत पेशंटला नेटानं शेवटपर्यंत नेतो, तेव्हाच आकडे खरे येतात. एकदा नव्हे, निदान तीनदा नीट फुंकावं लागतं. परक्या माणसापुढे जोरात फुंकायला लाजणारी, पदर सावरत अर्ध्यात थांबणारी बाई समोर असेल, तर तंत्रज्ञाचं कसब आणि माया दोन्ही पणाला लागतात. यंत्र विकत आणता येतं, कसब विकत मिळत नाही.

आता पुढचा टप्पा. सीओपीडी पूर्ण बरा होत नाही, हे खरं. पण म्हणून कॉटवर पडून राहायचं का? धाप लागते म्हणून माणूस चालणं सोडतो, चालणं सोडलं की पायातली ताकद जाते आणि ताकद गेली की थोड्याशा श्रमानं आणखी धाप लागते. या फेऱ्यातून बाहेर काढणाऱ्या उपचाराला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. आठवड्यातून निदान दोनदा, सहा ते आठ आठवडे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बेतानं वाढवत नेलेला व्यायाम, श्वासाच्या पद्धती, कफ काढायची रीत, आहार आणि आजाराची नीट माहिती, असं त्याचं स्वरूप. २०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेनं ६५ चाचण्यांचा, ३,८२२ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. धाप कमी होते, थकवा कमी होतो, चालण्याची क्षमता वाढते, आजार आपल्या ताब्यात आहे असं वाटायला लागतं, असा निष्कर्ष निघाला. आता आणखी चाचण्यांची गरज नाही, असं त्याबरोबरच्या संपादकीयातच म्हटलं होतं. आणि आपल्या तालुक्याच्या गावात? ‘रिहॅबिलिटेशन’ म्हटलं की लोकांना दारू सोडवण्याचं केंद्र आठवतं!

‘आमच्याकडे प्राणायाम आहे की’, असं म्हणणाऱ्या मैत्रिणी भेटतात. प्राणायाम जरूर करावा. पण मुळात फुप्फुसात हवा अडकून बसणाऱ्या माणसानं टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती करणं किंवा श्वास कोंडून धरणं, हे कुणाला विचारून? फिजिओथेरपिस्ट अशा पेशंटला उलट सावकाश सोडायला शिकवतात. नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, निरांजनाची ज्योत हलावी पण विझू नये, इतक्या बेतानं सोडायचा. घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. जिना चढताना, बादली उचलताना, जोर लावण्याच्या क्षणी श्वास सोडायचा. इतकी साधी गोष्ट, पण ती माहीत नसल्यानं कितीजणी दोन पायऱ्यांवर बसकण मारतात.

या ठिकाणी कमलाबाई निंबकरांची आठवण काढायलाच हवी. जन्मानं अमेरिकन, लग्नानंतर मराठी घरात आलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. देशातलं पहिलं. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेमुळे त्यांचं नाव आपल्या कानावर असतं, पण त्यांनी रुजवलेल्या या शास्त्राची ओळख मात्र आपल्याला नाही. आजारी माणसाला रोजची कामं पुन्हा कशी करता येतील, हे बघणारं हे शास्त्र. धाप लागणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली, तर ती काय सांगेल? ओट्याशी उंच स्टूल ठेवा आणि बसून पोळ्या लाटा. जड पातेली, पिठाचा डबा, कुकर हे माळ्यावरून काढून कमरेच्या उंचीवर आणा. भरलेलं भांडं उचलू नका, ओट्यावरून सरकवा. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवा. अंघोळीला बसायला स्टूल घ्या. सगळी कामं सकाळीच उरकायचा हट्ट सोडा, दोन कामांमध्ये टेका. वाचताना वाटेल, यात काय मोठंसं? पण ज्या बाईनं ‘आता माझ्याच्यानं स्वयंपाकसुद्धा होत नाही’ म्हणत हातपाय गाळले होते, तिला पुन्हा ओट्याशी उभं राहता येणं म्हणजे काय, ते आपल्यालाच कळेल. घरातलं तिचं स्थानच तिला परत मिळतं.

आहारतज्ज्ञाचंही तसंच. श्वास घेण्यातच ताकद खर्ची पडणारा हा पेशंट वाळत जातो. पोट गच्च भरलं की धाप वाढते म्हणून तो जेवण टाळतो. थोडं थोडं, चार-पाच वेळा, डाळी, अंडी, शेंगदाणे, दूध असं खायचं, हे कुणीतरी बसून समजावलं तर आपणही ‘तेलकट नको, आंबट नको, हे नको, ते नको’ करत त्याला उपाशी ठेवणार नाही.

आणि घरी आणलेल्या ऑक्सिजनचं काय? करोनाच्या काळात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा शब्द घराघरांत शिरला. यंत्र आणून देणारा मुलगा प्लग लावतो, बटण दाखवतो आणि निघून जातो. पुढे सगळं सुनेवर, नाहीतर बायकोवर! रक्तातला ऑक्सिजन कायम कमी असणाऱ्या सीओपीडीच्या पेशंटला रोज १५ तास किंवा त्याहून जास्त ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढतं, हे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये १९८०-८१ मध्येच सिद्ध झालंय. पण आपण काय करतो? धाप लागली की अर्धा तास लावतो, बरं वाटलं की ‘लाइटबिल येतं’ म्हणून बंद करतो. नाहीतर घाबरून आकडा वाढवत नेतो. ऑक्सिजन हे औषध आहे, सीओपीडीत तो डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापापेक्षा जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो, हे त्या सुनेला कुणी सांगितलेलं असतं? त्या खोलीत समई, उदबत्ती, गॅस, विडी-काडी काहीही पेटवायचं नाही, हे? बिचारी न शिकता, न पगार घेता घरातली नर्स होते, आणि काही बरंवाईट झालं तर बोल तिलाच लागतो.

करोनानं आणखी एक धडा दिला होता. २०२०-२१ मध्ये ठिकठिकाणी व्हेंटिलेटर पोचले, त्यांचे फोटो छापून आले. आणि पाठोपाठ, चालवायला प्रशिक्षित माणसं नाहीत म्हणून यंत्रं पडून आहेत, अशा बातम्याही निरनिराळ्या राज्यांतून आल्या. तेव्हा आपण हळहळलो. पुढे काय झालं? लाट ओसरली, हळहळही ओसरली.

कायदा झालाय, हे मात्र मान्य करायला हवं. नर्सिंगचा कायदा १९४७ चा, फार्मसीचा १९४८ चा. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची परिषदही आधीपासून आहे. पण बाकीच्या पन्नासएक प्रकारच्या व्यावसायिकांना देशपातळीवर कायद्याचं छत्र मिळायला २०२१ साल उजाडावं लागलं. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी, राज्याराज्यांत परिषद असं सगळं त्यात आहे. अंमलबजावणी इतकी रेंगाळली, की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही, यावरून केवढा गदारोळ उठला! मला विचाराल तर नावाआधी काय लावायचं ते तज्ज्ञ ठरवोत. आमच्या ग्रामीण रुग्णालयात तो माणूस नेमला आहे का, हा माझा प्रश्न आहे. त्याच्यावरून मात्र गदारोळ होत नाही.

यावर एक सोपा तोडगा हटकून सुचवला जातो, ‘आशाताईंना द्या ना हे काम!’ तीस वर्षांवरच्या माणसांसाठी आशाताई जो तपासणी तक्ता भरतात, त्यात धाप लागते का आणि स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हे दोन्ही प्रश्न आहेत. म्हणजे दार ठोठावण्याचं काम त्या करतातच. पण मानधनासाठी ज्यांना २०२१ आणि २०२३ मध्ये संपावर जावं लागलं, त्यांच्याच डोक्यावर आणखी एक गाठोडं ठेवायचं आणि आपण मोकळं व्हायचं, हे बरं नव्हे. त्यांनी हेरलेल्या बाईला पुढे कुणाकडे पाठवायचं, ते माणूस तरी असू द्या!

म्हणून मैत्रिणींनो, मागायला शिकू या. तालुक्याच्या रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. बचत गटाच्या, महिला मंडळाच्या लेटरहेडवर तिला साधा अर्ज द्या. इथं स्पायरोमेट्री होते का, ती करणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे का, फिजिओथेरपिस्टचं पद मंजूर आहे का आणि असेल तर भरलंय का, विचारा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि सिस्टरना पंप शिकवण्याचं प्रशिक्षण द्या, म्हणा. आठवड्यातला एक वार ‘पंप तपासणी’चा ठरवायला पैसा लागत नाही, एक टेबल आणि दोन खुर्च्या लागतात. खासगीत जात असाल तर बोर्ड बघून भुलू नका, नोंदणी आहे का ते विचारा. केमिस्टकडून पंप घेताना ‘कसा घ्यायचा ते दाखवा’ म्हणायला लाजू नका. आणि दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून सुतक पाळण्याआधी या अभ्यासक्रमांची नीट चौकशी करा. ‘डॉक्टर नाही झाली, मग फिजिओ केलं’ असं मुलीबद्दल पडेल आवाजात सांगू नका.

राहता राहिलं घरातलं. उद्या सासूबाई, आई, शेजारच्या काकू, कुणीही पंप घेताना दिसल्या तर ‘औषध घेतलंत का?’ एवढंच विचारून स्वयंपाकघरात जाऊ नका. दोन मिनिटं समोर बसा आणि म्हणा, ‘‘जरा घेऊन दाखवा बघू.’’ काही वेगळं दिसलं, तर पुढच्या फेरीला पंप पिशवीत टाकून न्या आणि सिस्टरना तो बघायला लावा. भाजी निवडत निवडत करण्याइतकंच हे काम आहे, पण त्यानं एखादीचा रात्रीचा डोळा लागेल.